खिळ्यावरचे शर्ट

फक्कीला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता कोणी उरलं नव्हतं. मैदानावर पांढऱ्या रेघा मारायच्या पावडरीला फक्की म्हणतात. जन्मभर ती मारून त्याचे हात, पाय, भुवया, मिशा सगळं पांढरं झालं होतं, म्हणून पोरांनी पावडरीचंच नाव त्याला चिकटवलं. पुढे त्याचे केस खरोखरच पिकले, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तो फुटबॉल क्लबचा राखणदार होता. दोरी ताणून रेघा मारायच्या, फाटलेल्या जाळीला गाठी मारायच्या, पाऊस पडून गेला की गोलपुढचं डबकं बादलीने उपसायचं, ही त्याची कामं. त्याची बायको क्लबचे कपडे धुवायची. तिला सगळे मावशी म्हणत. मैदानाच्या मागच्या कुंपणाला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा होती. सामना संपला की मळक्या शर्टांनी भरलेलं जाड कापडाचं पोतं त्यांच्या मागच्या दाराशी येऊन पडायचं. पोतं आलं की मावशी काही विचारायची नाही. पाणी तापवायची आणि भिजवायची.

क्लब कसला, हरण्यात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. कपाटात एकच कप होता, आणि तोही समोरचा संघ आला नाही म्हणून मिळालेला. पण क्लबच्या खोलीत एक भिंत होती, तशी भिंत जिंकणाऱ्या क्लबांकडेही नव्हती. त्या भिंतीला खिळे मारलेले होते आणि खिळ्यांना शर्ट अडकवलेले होते. हिरवे शर्ट, पांढऱ्या कॉलरचे, आणि सगळे मळलेले.

पद्धत अशी होती की ज्याचं खेळणं संपलं त्याचा शेवटचा शर्ट धुवायचा नाही. अंगावरून निघाला तसा, मातीसकट, खिळ्याला. कोणी गुडघ्याने गेला, कोणी दुसऱ्या गावी पोटापाण्याला गेला, कोणी जगातूनच गेला, त्याचा शर्ट मात्र इथे राहिला. ही पद्धत क्लबच्या पहिल्या कप्तानाने पाडली. तो भट्टीवर कामाला होता आणि फार बोलणारा नव्हता. लोकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाला होता, "धुतलेला शर्ट काय, दुकानातही मिळतो."

त्या भिंतीवर दाराशेजारच्या खिळ्याला फक्कीच्या मुलाचा शर्ट होता.

मुलगा मागच्या फळीत खेळायचा. क्लब आधीच हरत असलेल्या एका सामन्यात त्याने गोलरेषेवरचा चेंडू घसरून बाहेर काढला आणि त्याचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं. उठला, हसला, सामना संपेपर्यंत खेळला. शर्ट काढून सगळ्यांबरोबर पोत्यात टाकला, घरी आला, जेवला. डोकं जड झालंय म्हणाला आणि झोपला. सकाळी मावशी उठवायला गेली, तो उठला नाही. दवाखान्यातल्या लोकांनी त्याला नेलं, त्यांनीच धुतलं, पुसलं, आणि पांढऱ्या चादरीत बांधून परत दिलं. ते सगळं आटोपून घरी आल्यावर मावशीला हातांचं काय करावं कळेना. दाराशी पोतं तसंच पडलं होतं. ती शर्ट निवडायला बसली. तेवढ्यात क्लबचे लोक आले आणि पद्धतीप्रमाणे मुलाचा शर्ट मागितला. तिने दिला नाही असं नाही. पण तिने पुढेही केला नाही. त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. फक्की त्यांच्याबरोबरच उभा होता.

त्यानंतर किती वर्षं गेली, पण ती क्लबच्या खोलीत कधी आली नाही. अधूनमधून एखाद्या दिवशी ताट वाढताना म्हणायची, "अजून तसाच आहे का हो?"

"तसाच आहे."

"मळका?"

"पद्धत आहे ती."

"हं," म्हणायची आणि पुढचं वाढायची.

फक्की मात्र रोज सकाळी दार उघडून आधी त्या भिंतीपुढे उभा राहायचा. शर्टाच्या उजव्या बाजूला काखेपासून खालपर्यंत मातीचा पट्टा होता, त्या घसरण्याचा. कॉलरच्या आत रक्त वाळून काळपट झालं होतं. फोटो त्याने घरात लावला नव्हता. फोटोतला मुलगा फोटोवाल्यासाठी उभा होता. हा शर्ट कोणासाठी उभा नव्हता. यात तो घसरलेला होता.

मग मैदान विकलं गेलं. तिथे गोदाम होणार होतं. शेवटच्या सामन्याला बघायला आले ते बहुतेक म्हातारे, आणि क्लब आपल्या लौकिकाला जागून हरला. खेळणाऱ्या पोरांनी आठवण म्हणून अंगातले शर्ट घरी नेले. मावशी पोत्याची वाट बघत राहिली.

क्लबचा अध्यक्ष औषधांचं दुकान चालवायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्याला लेबल लावायची सवय होती. त्याने खटपट करून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली मिळवली. तिथे क्लबच्या आठवणी मांडायच्या: फोटो, तो एक कप, आणि शर्टांची भिंत. "फक्की, भिंत तुझ्याकडे," त्याने सांगितलं.

भिंत आपल्याकडे आहे हे फक्कीला सांगायला नको होतं. ज्यांचे शर्ट होते त्यांच्या घरोघर तो स्वतः जाऊन आला. कुठे म्हातारी बायको होती, कुठे मुलगी. एका घरी बहीण होती. तिचा भाऊ पुरात वाहून गेला होता आणि सापडलाच नव्हता. सापडला नाही म्हणजे त्याच्या मागे एवढा शर्टच होता. ती विणकाम सोडून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "जपून न्याल ना, काका?"

"मातीचा कण पडू देणार नाही," फक्की म्हणाला. तसंच तो सगळीकडे म्हणाला.

मोडायला यंत्र सोमवारी यायचं होतं, ते रविवारीच आलं. ठेकेदाराचा माणूस तोंडात काडी धरून खोलीच्या दारात उभा राहिला. "बाबा, रिकामी करा. मागची भिंत पाडायला घेतोय."

"उद्याचं ठरलं होतं."

"ठरलेलं मला कोणी सांगितलं नाही. मला यंत्र आणायला सांगितलं."

फक्कीने चादरी आणायचं योजलं होतं, शर्टांच्या मध्ये घालायला कागद आणायचे होते. सगळं मनातच राहिलं. मागची भिंत हादरली तशी छपरातून मातीची ढेकळं पडायला लागली. खोलीत भरायला म्हणून एकच वस्तू होती, ते कपड्यांचं पोतं. त्याने मुलाचा शर्ट पहिल्यांदा काढला, घडी न करता दोन्ही तळव्यांवर उचलून पोत्यात तळाशी ठेवला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. मग बाकीचे त्यावर. पोतं छातीशी धरून तो कुंपणातून घरी गेला आणि मागच्या दाराशी ठेवून आला. कुठे ठेवायचं ते त्याने ठरवलं नाही, ते त्याच्या हातांनीच ठरवलं. इतकी वर्षं ते पोतं त्याच जागी ठेवलं जात होतं.

मावशी आत पडली होती. "अगं, आलोच," एवढंच तो म्हणाला आणि फोटोंसाठी परत पळाला.

फोटो निघाले, कप निघाला. मग वेल्डर आला. हा वेल्डर क्लबचा जुना कप्तान, मुलाचा दोस्त. मुलाचा शर्ट नेताना त्या दिवशी तोही होता. त्याच्या मते गोलचे खांब कापून न्यायला हवे होते.

"खांब कशाला?" फक्कीने विचारलं.

"खोलीत ठेवू, काका. एक तरी."

"तो खांब?"

वेल्डरने मान खाली घातली. "तो नको. पलीकडचा कापतो."

खांब कापण्यात आणि हातगाडीवर चढवण्यात दुपार टळली. वेल्डर बडबडत होता, की क्लबने खांबाला जितक्या वेळा मारलं तितक्या वेळा गोलात मारलं असतं तर आज हे गोदाम झालं नसतं. फक्की हसलासुद्धा. भिंत वाचली होती, त्यामुळे त्याला हसू येत होतं.

घरी येताना त्याला लांबूनच तारेवर हिरवे शर्ट दिसले. वाऱ्यावर हलत होते, खाली पाणी ठिबकत होतं. हे त्याने जन्मभर पाहिलेलं होतं, म्हणून पहिल्यांदा त्याला काही वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. मग जवळ आल्यावर दिसलं की एका शर्टाला बटणं आहेत, एकाला गळ्याशी नाडी, एकाची बाही लांब. असे वेगवेगळ्या काळातले शर्ट एका तारेवर कधी वाळत पडत नाहीत.

तो तारेपाशी गेला आणि एकेका शर्टाला हात लावत गेला. ओले, गार, स्वच्छ. मावशी टोकाला चिमटे लावत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ती कपडे बघायची ते बोटांनी.

"पोतं कुठंय?" त्याने विचारलं.

"तेही धुतलं. वास मारत होतं."

"अगं, हे खिळ्यावरचे होते."

"हो," ती म्हणाली. "कळलं मला."

"कधी कळलं?"

"पहिलं पाणी ओतलं तेव्हा. एका सामन्याची माती एवढी नसते. काढ्यासारखं पाणी निघालं. मग एकेक हाताने बघितला, तर कॉलरी जुन्या. पण तोवर सगळे कढत पाण्यात सोड्यात भिजले होते. मला वाटलं शेवटच्या सामन्याचे आलेत. इतके दिवस वाट बघत होते ना मी." तिने एक बाही ताणून सरळ केली. "भिजलेला कपडा न भिजलेला कसा करायचा, ते तुम्ही सांगा. मला येत नाही."

त्याचा तिच्यावर हात उगारायचा स्वभाव नव्हता, ओरडायचाही नव्हता. तो तारेच्या बांबूला टेकला. तिचं चुकलं नव्हतं. पोतं त्याने ठेवलं होतं. पोतं म्हणजे धुणं, हे या घरात तिला नव्याने शिकायचं नव्हतं.

"म्हणजे त्याचाही," तो म्हणाला.

मावशीने चिमटा लावला, दुसरा घेतला.

"त्याचा नव्हता भिजला," ती म्हणाली. "तो तळाशी राहिला होता. पोत्याला चिकटून. मी बाकीचे ओढून काढले, तो हाताला लागला नाही. पोतं धुवायला उलटं केलं तेव्हा पडला. कोरडा होता."

फक्कीने मान वर केली.

"कॉलर हाताला लागली आणि ओळखला. ती कॉलर झिजली होती म्हणून मी उसवून उलटी करून शिवली होती. माझे टाके मला कळणार नाहीत होय?"

"मग?"

"मग धुतला."

"ओळखून?"

"ओळखून."

यंत्र कुंपणापलीकडे घरघरत होतं. ते थांबलं तशी ती पुन्हा बोलली, आणि आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"तुम्ही रोज बघायला जात होता. मी घरात बसून रोज तेच बघत होते. पोरगं माझं मळक्या कपड्यात भिंतीला अडकवलेलं. लहानपणी मातीत खेळून आला की दारातच धरायचे त्याला, आत येऊ देत नव्हते. त्याला शेवटची आंघोळसुद्धा दुसऱ्यांनी घातली. एक शर्ट उरला होता धुवायला, तो तुम्ही लोकांनी हातातून नेला. आज तो परत माझ्या हातात पडला. मी काय करायला हवं होतं?"

"मला हाक मारायची होती."

"हाक मारली असती तर तुम्ही आला असता," मावशी म्हणाली.

त्याने बांबूचा टेका सोडला.

तो टबाशी गेला. पाणी तिने ओतून दिलं होतं, पण तळाशी गाळ बसला होता, बोटभर, करडा. सगळ्यांची माती एक झालेली. फक्कीने ती करवंटीने खरवडून एका डब्यात भरली आणि डबा खिडकीत ठेवला. दोन दिवसांनी बघितलं तर तिच्या वाळून पापड्या झाल्या होत्या. हातात घेतली तर साबणाचा वास. बोटांत चुरली, पीठ झालं. त्याने डबा कुंपणापलीकडे नेऊन उपडा केला.

अध्यक्षाला सांगायला तो वेल्डरला घेऊन गेला. औषधवाल्याने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तेलही गेलं, तूपही गेलं," तो म्हणाला.

"धुपाटणं तरी आहे," वेल्डर म्हणाला. "शर्ट आहेत ना. आणि मैदान अजून निम्मंच उकरलंय. माती तीच आहे की. लावू परत."

"परत म्हणजे?" फक्की म्हणाला.

"म्हणजे चिखल करायचा आणि लावायचा, काका. कुठून आलेली माती, कुठल्या सामन्याची, कोणाला कळणार आहे?"

अध्यक्षाने बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "लोकांना बघून बरं वाटावं एवढंच आपल्याला हवंय. फक्की, तू रोज बघत होतास. तुला डाग माहीत असतील."

फक्की आणि वेल्डर यांनी मैदानावरून एक बादली चिखल आणला. पहिला शर्ट वेल्डरनेच पुढे केला, त्याचा स्वतःचा. "माझ्यापासून करा. माझा मी हक्काने मळवतो."

फक्कीने बोटांवर चिखल घेतला. "कुठे होता?"

"खांद्यावर."

"कुठल्या?"

वेल्डर बोलायला गेला आणि थांबला. डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला, मग उजवा डाव्यावर ठेवून बघितला. "शेवटी मी पडलो होतो. कोपऱ्याच्या झेंड्याशी. नाही, तो आधीचा सामना. काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही रोज बघत होता."

फक्कीने भिंत डोळ्यांपुढे आणली. दार उघडायचं, ऊन आत पडायचं, आणि दाराशेजारचा खिळा. बाकीच्या शर्टांकडे तो वळायचा तेव्हा ते हिरवे आणि मळके होते, त्यापलीकडे काही नाही. इतकी वर्षं राखण केली आणि बघितला एकच शर्ट. इतरांचे राहिले ते मातीच्या जिवावर. आता ती माती गेल्यावर त्याला एकाचाही डाग सांगता येत नव्हता.

बोटांवरचा चिखल त्याने बादलीच्या काठाला पुसला. "असे डाग नाही लावायचे," तो म्हणाला. "आहेत तसे टांगू. विचारतील त्यांना मी सांगेन."

"आणि तुमच्या मुलाचा?" अध्यक्षाने विचारलं.

तो शर्ट तारेवरून पुन्हा टबात गेला होता. माती निघाली होती, पण कॉलरच्या आतला डाग निघाला नव्हता. रक्त होतं म्हणून मावशीने तो शर्ट वेगळा, थंड पाण्यातच धुतला होता. तिचं कामच ते, तिला काय शिकवायचं. पण इतकं जुनं रक्त थंडाला बधलं नव्हतं. डाग जाईपर्यंत देणार नाही, असं तिने सांगितलं होतं. अर्धवट धुतलेला कपडा ती कोणाला देत नसे.

"तो अजून वाळला नाही," फक्की म्हणाला.

आठवणींची खोली उघडली त्या दिवशी माणसं आली. जिने चढून दम लागलेली, काही काठीने. भिंतीवर इस्त्रीचे शर्ट, प्रत्येकाखाली अध्यक्षाने टाइप करून चिकटवलेली चिठ्ठी. दाराशेजारी एक खिळा मोकळा. कोपऱ्यात गोलचा खांब, त्याला रंग दिलेला.

फक्की दारात उभा राहिला. जो विचारेल त्याला सांगायचं, असं ठरवून आला होता. सांगायचे शब्दही त्याने मनात जुळवले होते. पण विचारलं कोणी नाही. एक म्हातारी नवऱ्याच्या शर्टापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "किती छान ठेवलेत हो. अगदी नव्यासारखे." एकाने नातवाला वर उचलून शर्टाशेजारी त्याचा फोटो काढला. एक जण म्हणाला, की पूर्वी त्या खोलीत कोंदट वास यायचा, आता बरं झालं. फक्कीच्या ओठांवर आलेले शब्द तसेच परत गेले. त्याला वाटलं होतं लोक रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुरातल्या भावाची बहीण उशिरा आली. तिने चिठ्ठी वाचली नाही. शर्टाची बाही हातात घेतली आणि नाकाशी नेली. मग फक्कीकडे बघितलं.

"साबण," ती म्हणाली.

"ताई, मी सांगणारच होतो. पोतं चुकून..."

"नदीने माणूस नेलं," ती म्हणाली, "आणि राहिलेलं तुमच्या घरच्या पाण्याने नेलं." तिने शर्ट खिळ्यावरून काढला, त्याची घडी केली आणि पिशवीत ठेवला. अध्यक्ष पुढे आला, हे आता खोलीचं आहे असं काही म्हणायला लागला. वेल्डरने त्याचा दंड धरला. ती जिना उतरून गेली, एकेक पायरी, कठडा धरून. फक्की जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तिला हात द्यावा असं त्याला वाटलं, पण त्याने दिला नाही. कुठल्या तोंडाने देणार?

तो घरी आला तेव्हा मावशी मागच्या दाराशी टबापुढे बसली होती. टबात एकच शर्ट. या दिवसांत हे रोजचं झालं होतं. धुवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. इतर धुणं आता उरलंच नव्हतं. ब्रश घासल्याचा आवाज घरभर यायचा, आणि दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. कॉलर विरत चालली होती. टाके दिसायला लागले होते.

"दिलेत का सगळे?" तिने विचारलं.

"दिले. एक परत गेला."

कोणाचा ते तिने विचारलं नाही. तिला कळलं असावं. ब्रश क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"काही म्हणाली का?"

"म्हणाली."

मावशीने शर्ट पिळला. हातांच्या शिरा वर आल्या होत्या, बोटं पाण्याने पांढरी पडली होती, फक्की मारल्यासारखी. तिने कॉलर उलटी करून त्याच्यापुढे धरली.

"बघा बरं. गेला का?"

रोज ती हेच विचारायची, आणि रोज तो बघून खरं ते सांगायचा. नाही गेला. मग ती पुन्हा भिजवायची.

त्याने कॉलर उजेडाकडे धरली. डाग होता. नखाएवढा, फिकट तपकिरी, टाक्यांच्या कडेला. आणखी चार वेळा घासला तर कापड फाटेल आणि डाग कापडासकट जाईल, हे त्याला दिसत होतं. मातीचा पट्टा गेला, तो कसा होता हेही आता रोज थोडं थोडं पुसट होत होतं. काखेपासून होता की जरा खालून, याची कालच त्याला शंका आली होती. आता मुलाचं या जगात राहिलं होतं ते एवढंच, कॉलरच्या आत.

"गेला," फक्की म्हणाला.

तिने कॉलर परत घेतली आणि अंगठा आतल्या बाजूने फिरवला, टाक्यांवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डाग बोटांना लागत नाही. ती बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

"खरं सांगता ना?"

"खरंच सांगतो. गेला."

"बरं," ती म्हणाली. टब कलंडवून तिने पाणी सोडलं. स्वच्छच होतं ते, केव्हापासूनच. शर्ट तारेवर टाकला, चिमटे लावले. संध्याकाळी इस्त्री केली, घडी घातली, आणि घडी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"न्या आता तुमच्या भिंतीवर. आता न्यायला हरकत नाही."

"राहू दे घरातच," तो म्हणाला.

तिने कपाट उघडलं. मुलाचा कप्पा तिने रिकामा केला होता, पण त्यात दुसरं काही कधी ठेवलं नव्हतं. तिथे घडी ठेवली, वरून हात फिरवला आणि दार लावलं. कितीतरी वर्षांनी त्या रात्री तिला लवकर झोप लागली.

फक्की मागच्या दारात बसून राहिला. कुंपणापलीकडे मैदान सपाट झालं होतं, कुठे रेघ होती ते कळत नव्हतं. मोतीबिंदू आज ना उद्या काढायचा आहे, असं डॉक्टर मावशीला म्हणाला होता. काढला की तिला स्वच्छ दिसेल. मग एखाद्या दिवशी ती कपाट उघडेल, घडी उलगडेल, कॉलर उलटी करून बघेल.

दाराशी रिकामं पोतं पडलं होतं, धुतलेलं. त्याने ते उचललं, कुठे ठेवावं कळेना, आणि परत तिथेच ठेवलं.